बाप्तिस्म्यानंतर येशूबद्दल सांगणं कधी सुरू होतं, आणि कोणाला?

लालबागची_लेक

सर्वांना नमस्कार, आणि मंडळीतल्यांना सलाम.

गेल्या रविवारी लालबागला भाच्याचं बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या. माझी मामेबहीण स्वयंपाकघराच्या दाराशी एकटीच उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. पाळण्याकडे बघून तिचे डोळे भरले, म्हणून मी तिला गॅलरीत नेलं आणि हात धरून उभी राहिले. बोलता बोलता म्हणाले, हे सगळं येशूपाशी नेता येतं, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? ती हो म्हणाली. दोन वाक्यंही झाली नसतील, मागे तिच्या सासूबाई. "बारशाच्या घरात येऊन धर्म वाटतेस होय?" अख्खी गॅलरी ऐकत होती. मी काही बोलले नाही. आईला घेऊन निघाले.

आई एकाहत्तर वर्षांची आहे, माळकरी आहे, माझ्यासोबत राहते. आमच्या घरी संध्याकाळी सातला तिचा हरिपाठ असतो आणि रात्री माझं बायबल. खोल्या दोनच आहेत, त्यामुळे एकमेकींचं सगळं ऐकू येतं. घरी पोचेपर्यंत ती गप्प होती. चप्पल काढताना म्हणाली, "तुला देव भेटला ते मी अकरा वर्षं बघतेय. तू बदललीस तेही बघतेय. पण भेटला तर भेटला गं. गावभर सांगायलाच पाहिजे का?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझं थोडक्यात सांगते. बाबा परळला टाटा रुग्णालयात होते. तिथल्या फूटपाथवर बाहेरगावचे नातेवाईक पथाऱ्या टाकून असतात, ते मुंबईकरांनी पाहिलेलं आहेच. आमचं घर जवळ होतं, तरी मी दिवस-दिवस तिथेच असायची. नगरकडच्या एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्या रोज बाजरीच्या भाकरीचा अर्धा तुकडा मला द्यायच्या आणि शेजारी बसायच्या. दहा-बारा दिवस त्या धर्माचं अवाक्षर बोलल्या नाहीत. शेवटी मीच विचारलं, तुमचा माणूस माझ्या बाबांपेक्षा जास्त आजारी आहे, तुम्ही एवढ्या शांत कशा? तेव्हा त्यांनी पिशवीतून छोटा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, काढला. त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाशी मी अडकले. येशूचा मित्र लाजर मेलेला आहे, येशू त्याला उठवणार आहे, हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो कबरीकडे जाताना रडतो. ज्याला पुढचं ठाऊक आहे तो का रडेल? हा प्रश्न मी बाबांच्या तेराव्यानंतरही महिनोन् महिने सोडू शकले नाही. अडीच वर्षांनी भायखळ्याला बाप्तिस्मा घेतला.

पहिल्या वर्षी मी फार बोलले. ऑफिसात टेबलांवर पत्रकं ठेवली, रोज सकाळी सगळ्यांना वचनं पाठवली. एका सहकारिणीने बाजूला घेऊन सांगितलं, तुझं मन चांगलं आहे, पण मला हे पाठवू नकोस. तेव्हापासून मी इतकी सावध झाले की कोणी विचारलं तरी विषय बदलायची. बारशाच्या दिवशी कितीतरी वर्षांनी तोंड उघडलं, आणि हे झालं.

तुमच्या बाबतीत विश्वास ठेवणं आणि सांगणं यांचं नातं कसं जुळलं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावं. आईचा प्रश्न तुमच्याकडूनच आलेला आहे असं समजा.

भाकरीचा_नगरकर

ताई, भाकरीचा उल्लेख वाचला आणि राहवलं नाही.

मी जे नाव घेतलंय ते मुद्दाम घेतलंय. आमची पणजी नगर जिल्ह्यातली. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडायला गेली आणि तिथून ख्रिस्ती झाली. आम्हाला गावात 'भाकरीचे ख्रिस्ती' म्हणायचे. लहानपणी मला याची लाज वाटायची. पोटासाठी धर्म बदलला, म्हणजे ते धर्मांतर खोटं, असं मीसुद्धा धरून चाललो होतो.

पण पणजी पुढे चाळीस वर्षं जगली, आणि त्या चाळीस वर्षांत तिला भाकरीसाठी ख्रिस्ती राहण्याची गरज नव्हती. पाऊस पडला होता, दुष्काळ सरला होता. ती प्रौढपणी अक्षर शिकली, शुभवर्तमान वाचायला शिकली आणि बायबल बाई, म्हणजे बायकांना बायबल सांगत फिरणारी बाई, झाली. ज्या वाड्यांवर तिची सावली चालत नव्हती तिथे पायी जायची. सवर्ण बायका विहिरीच्या वरच्या पायरीवर, ही खाली लांब, आणि तिथून ती शोमरोनी बाईची, म्हणजे यहुदी लोक ज्यांना कमी लेखत त्या समाजातल्या बाईची, गोष्ट सांगायची. येशू विहिरीवर बसलेला आहे, तहानलेला आहे, आणि जिच्या हातचं पाणी कोणी यहुदी पीत नाही तिच्याकडे पाणी मागतो. ही गोष्ट माझ्या पणजीने विहिरीवर सांगावी यात काय होतं ते मला चाळिशीत कळलं. स्वतःला त्या विहिरीचं पाणी मिळत नसताना ती जिवंत पाण्याबद्दल बोलत होती.

योहानाच्या चौथ्या अध्यायात ती बाई आपली घागर तिथेच टाकून गावात धावते. कोणी पाठवलं नव्हतं तिला. चला, या, माझं सगळं ज्याने सांगितलं तो माणूस पाहा, एवढंच तिचं म्हणणं. तिला सिद्धांत ठाऊक नव्हता. "हाच ख्रिस्त असेल काय?" असं तिने विचारलं, म्हणजे तिची स्वतःचीही खात्री पुरती झालेली नव्हती. सांगण्यासाठी आधी सगळं कळलेलं असावं लागतं हे मला तरी शास्त्रात कुठे दिसत नाही.

आमिषाचा विषय निघेलच म्हणून आधीच लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा, पंजाबकडच्या चार शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये सगळ्या शिखांना धरलं गेलं आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्याच्या बाहेर आहेत. जात चिकटून राहिली, सवलत गेली. माझ्या वडिलांना एक अर्ज भरून परत जाता आलं असतं. ते गेले नाहीत.

गोदाकाठ

मी हिंदू आहे, नाशिकची, आता डोंबिवलीत. लेखिकेने बोलावलं म्हणून लिहिते. कोणाला दुखवायचं नाही, पण मनातलं आहे तसं लिहिणार.

माझी आजी शेवटचे दिवस दवाखान्यात होती. एक जण फळं घेऊन आला, गोड बोलला, आणि मग आजीच्या उशाशी ठेवलेल्या बाळकृष्णाकडे बोट दाखवून म्हणाला की हा तुम्हाला वाचवू शकणार नाही. आजीने आयुष्यभर त्या बाळकृष्णाला रोज अंघोळ घातली होती. तिला अर्धांगवायू होता, तिला बोलताही येत नव्हतं. मी पोचले तेव्हा ती रडत होती. पुढे चार दिवसांनी ती गेली. ते चार दिवस तिच्या मनात काय होतं मला कधीच कळणार नाही, आणि त्या माणसाला मी माफ करू शकलेले नाही.

ताई, तुमच्या बहिणीच्या सासूबाई कठोर बोलल्या, पण त्यांच्या मागे अशी एखादी गोष्ट असू शकते. तुम्ही जे प्रेमाने करता ते आमच्यापर्यंत पोचताना बऱ्याचदा 'तुमचं खोटं आहे' असंच पोचतं. हे तुम्हा लोकांना कळतं का?

रात्रपाळी

गोदाकाठ, मी ख्रिस्ती आहे आणि चोवीस वर्षं परिचारिका आहे. तुमच्या आजीबद्दल वाचून हात थांबले. तो माणूस माझ्या धर्माचा होता, म्हणून मी तुमची माफी मागते. तुम्ही ती स्वीकारावी असा आग्रह नाही.

आमच्या वॉर्डात मी एक नियम स्वतःपुरता केलाय आणि नव्या मुलींनाही सांगते. जो उठून जाऊ शकत नाही त्याला सांगायचं नाही. पलंगावरच्या माणसाच्या नाकात नळी असते, हाताला सलाईन असतं, त्याची बेडपॅन आपण देणार असतो. तो आपल्यावर अवलंबून आहे. अशा माणसाचं 'हो' म्हणजे हो नसतंच. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की तुमच्या आशेबद्दल जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने. लोक पहिला अर्धा भाग पाठ करतात आणि दुसऱ्या अर्ध्यापाशी थांबत नाहीत.

लालबागच्या ताई, तुमची गोष्ट दवाखान्याचीच असली तरी वेगळी आहे. तुम्ही पलंगावर नव्हता, तुम्हाला उठून जाता येत होतं, आणि प्रश्न तुम्ही विचारला. त्या नगरच्या बाईंनी दहा-बारा दिवस वाट पाहिली. मला वाटतं त्या दिवसांत त्या सांगतच होत्या.

जुनं_गिरगाव

मी निवृत्त शिक्षक. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती माणसांचं जुनं साहित्य वाचण्यात पंधरा वर्षं गेली. या प्रश्नावर आपल्याच भाषेत फार मोलाचं घडून गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ते घडायला जवळजवळ आठ वर्षं लागली. मधल्या काळात, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, बालविधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. शब्द असा दिला होता की कोणावर धर्म लादणार नाही. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती.

रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. बाहेर बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझ्या देवाशी बोलताना दार लावून घेणार नाही. मुलींना त्यांची पूजा करायला मोकळीक होती, तेवढीच बाईंना स्वतःलाही हवी होती.

मला हा प्रसंग वारंवार आठवतो. रानडे, भांडारकर काही वाईट माणसं नव्हती. त्यांची भीती खरी होती, कारण पालकांनी त्यांच्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या. आणि तरी दार लावून घ्या म्हणणं म्हणजे बाईंना अर्धं माणूस व्हा म्हणणं होतं. लालबागच्या ताई, पत्रकं वाटण्याच्या वर्षात तुम्ही लोकांच्या खोलीत शिरत होता, आणि नंतर तुम्ही स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलंत. उघडं दार या दोन्हींपेक्षा निराळं असतं, आणि ते जास्त कठीण असतं, कारण आत आपण कसे आहोत ते सतत दिसत राहतं.

दुसरी गोष्ट कवी ना. वा. टिळकांची. रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, वाचीन असा त्यांनी शब्द दिला, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते खिळले. बाप्तिस्मा मुंबईत, १० फेब्रुवारी १८९५. घरावर आकाश कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई साडेचार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. हे सगळं लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिलंय, आणि इतक्या मोकळेपणाने की नवऱ्याचा एकही दोष झाकलेला नाही. पुढे त्या परत आल्या, पण ख्रिस्ती म्हणून आल्या नाहीत. आपलं सोवळंओवळं, वेगळी चूल घेऊनच आल्या. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर याच बाई ख्रिस्ती कीर्तनं करायला उभ्या राहिल्या, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं महाकाव्य त्यांनी पुरं केलं.

टिळकांनी तुकोबांना कधी सोडलं नाही. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायाशी आणलं असं ते म्हणत. सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आणि आजही मुंबईपासून नगरपर्यंत मराठी उपासनेत ती टाळ-मृदंगावर गायली जातात. ताई, तुमच्या आईंचा हरिपाठ आणि तुमचं बायबल एकाच घरात आहे ते फार मोठं आहे. तो पूल तिथे आधीपासून बांधलेला आहे.

काळाचौकी_७४

मला इतकं चांगलं लिहिता येत नाही. पण दार उघडं ठेवा आणि वाट पाहा एवढंच इथे ठरणार असेल तर मला बोललं पाहिजे.

वडील गिरणीत होते. ८२ चा संप झाला, गिरणी गेली, वडील खचले. मी मोठा झालो तो दारूतच. बायको माहेरी गेली, मुलगी मला ओळखत नव्हती. करी रोडच्या पुलाखाली एक म्हातारा मार्काच्या शुभवर्तमानाची पुस्तिका देत होता. मी त्याला शिवी दिली. त्याने पुढच्या शनिवारी परत विचारलं, वाचाल का? असं त्याने चार वेळा विचारलं. पाचव्या वेळी मी घेतली, ती कशासाठी तर त्याने जावं म्हणून. त्या पुस्तिकेत पाचव्या अध्यायात कबरीत राहणारा माणूस आहे, साखळ्या तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा, दगडांनी अंग ठेचून घेणारा. मी म्हटलं, हा मी आहे. माझ्याबद्दल कोणी लिहिलंय हे.

तो बरा झाल्यावर येशूबरोबर होडीत बसायला निघतो. येशू त्याला नेत नाही. म्हणतो, घरी जा, तुझ्या माणसांत जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. मला हे फार जड गेलं. कारण घरी कोण ऐकणार? ज्यांनी मला गटारात पडलेलं पाहिलंय ते. मी पहिली दोन वर्षं घरी काहीच बोललो नाही. पगार बायकोच्या हातात दिला. संध्याकाळी सातच्या आत घरी आलो. मग तीच एकदा म्हणाली, रविवारी कुठे जाता तिथे मी येऊ का?

आता दर शनिवारी मी पुस्तिका घेऊन उभा राहतो. कोणाच्या हातात कोंबत नाही. बरे व्हाल, नोकरी लागेल, पैसा येईल, असं बोलत नाही, कारण तसं वचन मला कोणी दिलं नव्हतं. कोणाच्या देवाबद्दल वाकडा शब्द नाही. फक्त विचारतो, वाचाल का? नको म्हणाले की नमस्कार. गोदाकाठ ताई, तुमच्या आजीबरोबर जे झालं ते पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. पण त्या म्हाताऱ्याने मी विचारण्याची वाट पाहिली असती तर मी आज नसतो. दारुड्या कोणाला काही विचारत नाही.

रात्रपाळी

काळाचौकी, दादा, बरोबर आहे तुमचं. तुम्ही उठून जाऊ शकत होता आणि गेलातही, चार वेळा. माझा नियम तुमच्या म्हाताऱ्याला लागू होत नाही.

वसईची_वाडी

आम्ही वसईचे, सामवेदी कॅथलिक. पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि त्यानंतरही आमचे पूर्वज याच धर्मात राहिले. म्हणजे आमच्या घरात धर्मांतराची आठवणच उरलेली नाही, लुगडं, दागिने, लग्नाची गाणी सगळं इथल्या मातीचं. 'सुवार्ता', म्हणजे येशूची चांगली बातमी, हा शब्द आमच्यासाठी आधी घरी येणारं मासिक होतं. फादर दिब्रिटो त्याचे संपादक होते, ज्यांनी पुढे बायबल सुबोध मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं.

त्यामुळे सांगणं हा प्रकार मला नवाच होता. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, माऊंट मेरीची जत्रा हे चालूच होतं. माझं खरं धर्मांतर झालं ते चौतिसाव्या वर्षी, जेव्हा दिराशी जमिनीवरून नऊ वर्षं चाललेलं भांडण मी जाऊन मिटवलं. पापांच्या कबुलीच्या वेळी फादरांनी विचारलं होतं, रोज 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणतेस, त्यातलं 'आम्ही क्षमा करतो तशी' हे कोणाला उद्देशून म्हणतेस? मी त्या संध्याकाळी दिराच्या दारात गेले. त्यानंतर वाडीतल्या बायका विचारू लागल्या की हिला काय झालं. मी उत्तर देऊ लागले. माझं सुवार्ता सांगणं एवढंच, आणि तेही ख्रिस्ती बायकांनाच. बाप्तिस्मा झालेल्यांनाही ही वार्ता सांगावी लागते हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

सनद_आणि_संविधान

मी बौद्ध आहे, वकिली करतो. दोन गोष्टी.

एक कायद्याची. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. त्या निकालावर टीकाही भरपूर झाली आहे. पण सांगणं माझ्या हातात आणि बदलणं ऐकणाऱ्याच्या, एवढी रेघ त्यातून घेता येते. बारशाच्या घरात आपल्या बहिणीने हो म्हटल्यावर प्रार्थना केली, त्यात बेकायदेशीर काहीच नाही. ते योग्य वेळी होतं का हा प्रश्न कायद्याचा नाही.

दुसरी मनातली. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली, पुढच्या मे महिन्यात मुंबईत महार परिषदेत धर्मांतराची कारणं तपशीलवार मांडली, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षं. माझे आजोबा त्या दिवशी नागपुरात होते. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले देव काढले, ते आम्हाला नेहमी सांगितलं जातं. पण आजी सांगायची ते वेगळं होतं: परत आल्यावर त्यांनी तिच्यावर हात उचलणं थांबवलं. धर्मांतर झालं की नाही याची साक्ष घरातली बाईच देऊ शकते, असं मला काळाचौकीच्या दादांचं वाचून पुन्हा वाटलं.

गोदाकाठ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. रात्रपाळी ताई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पुन्हा वाच म्हणाली.

काळाचौकी दादा, तुमच्यासारखं कोणी 'वाचाल का' विचारलं तर मी नको म्हणेन, पण राग येणार नाही. एक विचारते. तुमच्या मनात खोलवर 'यांचं खोटं, आमचं खरं' असतंच ना? मग तुम्ही ते नुसतं तोंडाने बोलत नाही, एवढाच फरक का?

जुनं_गिरगाव

गोदाकाठ, प्रश्न कठीण आहे आणि त्याला गोल उत्तर देणं अपमानाचं होईल. होय, येशूसारखा दुसरा कोणी नाही असं मी मानतो. तसं मानत नसतो तर सांगण्यासारखंही काही उरलं नसतं. पण त्यावरून तुमच्या आजीच्या पन्नास-साठ वर्षांच्या सेवेत देव नव्हताच असं म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सतराव्या अध्यायात पौल अथेन्सला जातो. मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा जीव आत तळमळतो, असं स्पष्ट लिहिलंय. पण बोलायला उभा राहतो तेव्हा तो त्यांच्याच एका वेदीपासून सुरुवात करतो, त्यांच्याच कवींचं वचन घेतो, आणि देव आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही असं म्हणतो. काही जण हसतात, काही म्हणतात पुन्हा ऐकू, थोडे सोबत येतात. तो निघून जातो.

तळमळ होती आणि आदरही होता. आजीच्या उशाशी आलेल्या माणसाकडे तळमळ असेलही. आदर नव्हता, आणि त्यामुळे ती तळमळही खोटी ठरली.

गोदाकाठ

पटलं नाही सगळं. पण हे उत्तर चालेल मला.

लालबागची_लेक

आठवडाभराने लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, विशेषतः गोदाकाठ, तुमचे.

काल मामेबहिणीकडे गेले. सासूबाईंची आधी माफी मागितली. बारशाच्या घरात, चार माणसांत, तुम्हाला न विचारता बोलले ते चुकलं म्हणाले. येशूचं नाव घेतलं म्हणून मात्र माफी मागितली नाही, आणि त्यांनीही ती मागायला लावली नाही. त्यांनी चहा दिला. मग स्वतःहून सांगितलं की त्यांच्या धाकट्या भावाला कोणीतरी मोठमोठी वचनं देऊन नेलं होतं, औषधं बंद करायला लावली होती, तो दगावला. गोदाकाठ, तुम्ही लिहिलं होतं की मागे काही असेल. होतं. मी ऐकत बसले, माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. निघताना बहीण खालपर्यंत आली. म्हणाली, त्या दिवशीची प्रार्थना अर्धीच राहिली. मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा, तू सांगशील तिथे. ती म्हणाली, बाळाला नाव ठेवलं नव्हतं कोणी, मी मनात ठेवलंय, ते प्रार्थनेत घेशील का? ते नाव इथे लिहीत नाही.

रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. टिळक आणि तुकोबांचं तिला आवडलं. टिळकांचे अभंग कोणत्या चालीवर म्हणतात ते तिने विचारलं. काळाचौकीच्या दादांच्या म्हाताऱ्याचं ऐकून तिने डोळे पुसले. मग नगरकरांच्या पणजीसाठी मी योहानाचा चौथा अध्याय काढला आणि आईने सांगितलं नसताना मोठ्याने वाचला. दार उघडंच होतं. ती हरिपाठाची पोथी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

चाळीत पहाटे चारला उठून नळावर नंबर लावण्यात तिची तीस वर्षं गेली आहेत. वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं, "मग त्या बाईची घागर कोणी आणली परत?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही गं.

"पाणी भरायला आलेली बाई घागर टाकून जात नाही," ती म्हणाली. "तसंच काहीतरी झालं असणार तिला."

नगरकर दादा, तुमच्या पणजीला या घागरीबद्दल विहिरीवर कोणी कधी विचारलं होतं का? घरात कोणाला आठवत असेल तर नक्की लिहा. आईला सांगायचंय.